ताब्यातील देहाचा हिशेब राज्याने दिला पाहिजे

राज्याने एखाद्या माणसास अटक केली म्हणजे त्याचे हातपाय, त्याची झोप, त्याचे अन्नपाणी आणि त्याचा श्वास ही सारी राज्याच्या स्वाधीन होतात. सावकाराकडे गहाण ठेवलेले भांडे हरवले तर जाब सावकारास विचारतात. गहाण ठेवणाऱ्यास कोणी विचारीत नाही. परंतु राज्याच्या स्वाधीन झालेला जिवंत माणूस प्रेत होऊन बाहेर आला, तर त्याच्या आईनेच पुरावा आणावा, अशी आपल्या देशातील आजची रीत आहे. "मारहाण झाली, हे सिद्ध करा," असे तिला सांगण्यात येते. ज्या बंद खोलीत तिला पाऊल टाकू दिले नाही, त्या खोलीतील साक्षीदार तिने कोठून आणावा? या उलट्या न्यायाविरुद्ध आम्हांला येथे बोलावयाचे आहे.

परभणीचे प्रकरण आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथील रेल्वे स्थानकासमोर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ ठेवलेल्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तीस वर्षांचा तरुण होता. वडार समाजात जन्मलेला, कायद्याचे शिक्षण घेणारा. १५ डिसेंबर रोजी, न्यायालयीन कोठडीत असतानाच, तो मरण पावला. विधानसभेत शासनाच्या वतीने त्याच्या श्वसनाच्या विकाराचा दाखला देण्यात आला, आणि दंडाधिकाऱ्यांपुढे त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असेही सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदलेले होते. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनेही पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नोंदला गेला नाही. मृताच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, तर राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि ३० जुलै २०२५ रोजी तेथे सरकारची याचिका फेटाळली गेली.

यातील दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आमचा सवाल त्याहून साधा आहे. एका माणसाच्या मृत्यूबद्दल गुन्ह्याची पहिली ओळ कागदावर उमटण्यासाठी साडेसात महिने आणि दोन वरिष्ठ न्यायालये लागावीत काय? आणि ज्या राज्याने देहाचा हिशेब द्यावयाचा, त्याच राज्याने हिशेबाची वही उघडू नये म्हणून सरकारी खर्चाने वकील उभे करावेत काय? "त्याने तक्रार केली नाही," या सबबीचे तर आम्हांला विशेष आश्चर्य वाटते. ज्याला न्यायासनापुढून परत त्याच शिपायांच्या गाडीत बसावयाचे आहे, त्याच्या मौनाला संमती समजणे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

अशा सबबी नव्या नाहीत. ओडिशातील एका मातेचा तरुण मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. तो पळून गेला व गाडीखाली आला, असे पोलिसांनी सांगितले. त्या मातेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली नीलाबती बेहेरा खटल्यात राज्यास जबाबदार धरले आणि १,५०,००० रुपये भरपाई देवविली. त्यानंतर चोवीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, आपल्या महाराष्ट्रातील सांगली येथे लूटमारीच्या आरोपावरून धरलेला एक तरुण पोलीस ठाण्यातच मारहाणीने मेला; त्याचे प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आले; आणि तोही "पळून गेला" असेच प्रथम सांगण्यात आले. राज्य बदलले, साल बदलले, सबब मात्र तीच राहिली. कारण सबब खोटी ठरविण्याचा भार नेहमी मृताच्या घरच्यांवर असतो.

"हे सारे गुन्हेगारांचे कोडकौतुक आहे, पोलिसांचे हात बांधले तर चोर कसे सापडणार?" असे म्हणणारे लोक शहाणेसुरते म्हणून वावरतात. त्यांच्यासाठी नागपूरचे एक प्रकरण पुरे आहे. १९९३ साली तेथील पोलीस एका दरोड्याच्या तपासात एका संशयितास शोधीत निघाले. त्यांनी भलत्याच माणसास धरले व त्याला इतके मारले की तो मरण पावला. पंचवीस वर्षे लोटल्यावर, सप्टेंबर २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नऊ पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली. मार देऊन गुन्ह्याचा उलगडा झाला काय? मुळीच नाही. मारणारांना आपण कोणाला मारतो आहोत, एवढेही ठाऊक नव्हते. मारून घेतलेला कबुलीजबाब हा मारणाऱ्याच्या मनातील गोष्ट मार खाणाऱ्याच्या तोंडून वदवून घेण्याचा प्रकार आहे. त्यात खरा चोर सुटतो, आणि दरिद्री माणूस जिवानिशी जातो.

दरिद्री माणूसच का जातो, याचेही उत्तर इतिहासात आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. मूल जन्मले की त्याचा गुन्हा त्याच्या आधीच सरकारी वहीत हजर! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण ती वही फाडली तरी नजर फाटली नाही. चातुर्वर्ण्याने काहींना जन्मतः पवित्र व काहींना जन्मतः अपवित्र ठरविले. त्या कायद्याने अपवित्राच्या जागी अपराधी हा शब्द घातला, एवढेच. म्हणून चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, आणि दंगल झाली की पहिली गाडी आमच्या वस्तीत शिरते. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी रूढी ज्यांनी टाकून दिली, त्यांनी जन्मावरून गुन्हा ठरविणारी ही रीत निमूटपणे सोसावी, हे कदापि शोभणारे नाही.

बाबासाहेबांनी हा धोका पुरता ओळखला होता. घटना परिषदेने मसुद्याचे पंधरावे कलम, म्हणजे आजचे एकविसावे कलम, मंजूर केले तेव्हा त्यातून विहित न्याय्य प्रक्रियेचे तत्त्व गळले आणि "कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती" एवढेच शब्द उरले. त्यावर देशभर टीका झाली. त्या कलमाने जी उणीव ठेवली तिची भरपाई म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी १५-अ हे नवे कलम परिषदेपुढे मांडले. तेच आजचे बाविसावे कलम होय. अटकेची कारणे आरोपीस सांगितली पाहिजेत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे ते कलम सांगते. हे नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच आहेत, मग घटनेत कशाला, असे कोणी विचारील, हे ओळखून त्यांनी उत्तरही देऊन ठेवले होते: साधा कायदा विधिमंडळ उद्या बदलू शकते, घटनेत आलेली मर्यादा मात्र विधिमंडळावरही बंधनकारक राहते. बाविसावे कलम ही बाबासाहेबांनी कोठडीच्या दारास लावलेली कडी आहे, आणि ती बाहेरच्या बाजूने लावलेली आहे.

या पायावर न्यायालयांनी पुढे बरेच बांधकाम केले. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अकरा आदेश दिले. आज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्यांतील पुष्कळ भाग आलेला आहे. अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा कागद जागेवर तयार करून त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातील प्रतिष्ठिताची साक्ष व आरोपीची सही घेतली पाहिजे. नातलगास वा मित्रास कळविले पाहिजे. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. चौकशीच्या काळात वकिलास भेटता आले पाहिजे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, आपल्या अमरावतीचे सुपुत्र तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी व आरोपीस समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे ठरविले.

मग उणे काय आहे? मूळ गोष्टच उणी आहे. देह ज्याच्या ताब्यात, पुराव्याचा भार त्याच्यावर, हा नियम आजही कायद्यात नाही. १९८५ साली राम सागर यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, कोठडीत काय घडले हे पोलिसांखेरीज कोणीच सांगू शकत नाही, आणि भाऊबंदकीने बांधलेले पोलीस गप्प राहतात. म्हणून कायदा बदलावा. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात सुचविले की, पोलिसांच्या ताब्यात असताना माणसास इजा झाली तर ती पोलिसांनीच केली, असे न्यायालयास गृहीत धरता यावे. चाळीस वर्षे झाली. २०२३ साली पुराव्याचा सबंध कायदा नव्याने लिहिला गेला, परंतु त्यातही या सूचनेस जागा मिळाली नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. पण त्यास अद्याप अंतिम मान्यता दिली नाही. छळप्रतिबंधक विधेयक २०१० साली लोकसभेत मंजूर झाले, आणि पुढे राज्यसभेत अडकून २०१४ साली बारगळले.

असा नियम करणे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा देशातील स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतील अत्याचारात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे कलम पुराव्याच्या कायद्यात आले. आपल्याच विदर्भातील एका अनाथ मुलीच्या दुःखातून ते कलम जन्मले. जे गृहीतक कोठडीतील अत्याचारास लागू करता आले, ते कोठडीतील मृत्यूस लागू करण्यास विधिमंडळाचे हात कोणी धरले आहेत?

शहरातील कोठडीची ही कथा, तर मग डोंगरातील काय असेल? चिखलदरा तालुक्यातील सेमाडोहचे उदाहरण घ्या. सिपना नदीकाठचे, परतवाडा ते धारणी रस्त्यावरचे हे गाव व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. मेळघाटातील कोरकू बांधवांच्या शेजारी आपलीही घरे आहेत. येथे माणसाला धरणारा हात नेहमी पोलिसाचाच असतो असे नाही. तो वनखात्याचाही असतो. १९२७ चा वन कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांनी वनाधिकाऱ्यांना अटकेचा अधिकार दिलेला आहे. मोहाची फुले वेचावयास, मासे धरावयास किंवा गुरे शोधावयास गेलेल्या माणसावर शिकारीचा संशय आला, तर त्याची पहिली रात्र कदाचित पोलीस कोठडीत जाणारच नाही. ती वनखात्याच्या एखाद्या खोलीत जाईल.

त्या खोलीत कायद्याचे छप्पर किती गळके आहे, ते पाहा. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हा जुना नियम आहे. परंतु वनाधिकारी हा त्या नियमाच्या अर्थाने पोलीस नव्हे, असा निर्वाळा काही उच्च न्यायालयांनी दिलेला आहे. म्हणजे जेथे कबुलीजबाबाला किंमत अधिक, तेथे तो उकळण्याचा मोहही अधिक. दुसरी गोष्ट त्याहून भयंकर आहे. कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी सक्तीची करणारे नव्या संहितेचे १९६ वे कलम दोनच प्रकारच्या ताब्यांचे नाव घेते: पोलिसांचा ताबा, आणि दंडाधिकाऱ्याने वा न्यायालयाने मंजूर केलेला ताबा. न्यायालयापुढे नेण्यापूर्वी वनखात्याच्या खोलीत माणूस मेला, तर कलमाच्या अक्षरांत तो कोठे बसतो? वाघाच्या मृत्यूचा हिशेब ठेवावयास या जंगलात केवढे खाते उभे आहे! कोरकूच्या वा बौद्धाच्या मृत्यूसाठी कायद्यात एक वाक्यही वाढविता येऊ नये काय?

तिसरी गोष्ट वाटेची. चोवीस तासांतून प्रवासाचा वेळ वगळावा, असे बाविसावे कलम म्हणते. सपाट मुलखात ही सवलत निरुपद्रवी आहे. घाटाच्या वळणांत, पावसाळ्यात दरड कोसळलेली असताना आणि मोबाईल लागत नसताना, याच सवलतीच्या आडोशाला एक सबंध दिवस लपविता येतो. चौथी गोष्ट भाषेची. कोरकू माणसास मराठीतील सरकारी कागद वाचून दाखविला म्हणजे कारण सांगितले असे होत नाही. १९६२ सालीच हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या स्थानबद्धतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, कारणे कळविणे म्हणजे ती त्या माणसाला समजेल अशा भाषेत कळविणे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. विधी आयोगाची १९८५ ची सूचना कायद्यात आणा. १९६ व्या कलमात अटकेचा अधिकार असलेल्या प्रत्येक खात्याचा ताबा समाविष्ट करा. ज्या संस्थेला चौकशीचा व अटकेचा अधिकार आहे, तिच्या कार्यालयातही कॅमेरे हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच म्हटले आहे; तेव्हा मेळघाटातील वनखात्याच्या ज्या खोल्यांत माणसांची चौकशी होते, तेथे ते बसवा. चोवीस तासांतून वगळलेल्या प्रवासाचा तासातासाने लेखी हिशेब न्यायालयाने मागावा. यात राज्याकडून कसलीही मेहेरबानी आम्ही मागत नाही. घेतलेली वस्तू सांभाळण्याचे व तिचा हिशेब देण्याचे कर्तव्य तेवढे मागतो आहोत.

परंतु कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसावयाचे काय? बंधुभगिनींनो, कोठडीत बहुतेक घात पहिल्या रात्री होतो, आणि त्या रात्री दिल्लीचे न्यायालय जवळ नसते. जवळ असते ती आपली वस्ती. कोणास धरून नेले तर ते किती वाजता, कोणत्या गाडीतून, कोणी नेले, हे तत्काळ कागदावर लिहा. अटकेच्या कागदाची प्रत मागा. कोऱ्या कागदावर कोणीही सही वा अंगठा देऊ नये. एकट्याने न जाता चारपाच जणांनी, त्यांत स्त्रिया असाव्यात, ठाण्यावर वा वनखात्याच्या कार्यालयात जाऊन शांतपणे चौकशी करावी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, स्त्रिया आणि कोठडीतील प्रत्येक माणूस यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने फुकट वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवा. न्यायालयापुढे नेण्याच्या वेळी आपली माणसे तेथे हजर असू द्या, म्हणजे आरोपीला आपले तोंड उघडण्यास बळ येईल. दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीस हजर राहण्याचा नातलगांचा हक्क सांगा, शवविच्छेदनाचे चित्रीकरण मागा, आणि अहवाल हाती येईपर्यंत कोणाच्याही समजुतीला वा पैशाला बळी पडू नका.

धरलेला माणूस आपल्या जातीचा नाही, तो पारधी आहे, कोरकू आहे, मुसलमान आहे, म्हणून जे आज घरात बसतील, त्यांनी सोमनाथ सूर्यवंशी आठवावा. तो वडार घरात जन्मला होता आणि घटनेच्या अपमानाबद्दल पेटून उठलेल्या शहरात धरला गेला होता. बाविसाव्या कलमात "कोणतीही व्यक्ती" असा शब्द आहे. त्या शब्दाला जात नाही. ज्याला दोषी ठरविले गेले नाही, त्याला मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि ज्याला दोषी ठरविले गेले, त्याला न्यायालयाने सांगितलेल्या शिक्षेहून एक चापटही अधिक मारण्याचा अधिकार कोणाला नाही. हे वाक्य आपल्या मुलांना पाठ करून द्या. उद्या त्यांच्यातील कोणी शिपाई होईल, कोणी वनरक्षक होईल, कोणी न्यायाधीश होईल. त्या दिवशी खोलीच्या आतल्या बाजूलाही बाबासाहेबांच्या घटनेचा एक माणूस उभा असला पाहिजे.